झुंबरबाईला नावानं मारलेली हाक

तर झुंबरबाई एसटीच्या दारात अडकली, इथवर आपण काल आलो होतो. एक पाय पायरीवर, एक पाय पाथर्डीच्या स्टँडवरच्या फुफाट्यात, छातीशी भाकरीचं गठुडं आणि डोळे गच्च मिटलेले. आत शेवटच्या बाकड्यावर तिचा नवरा कानिफनाथ तापानं फणफणत पडलेला. त्याचा उजवा पाय म्हाताऱ्या बापाच्या मांडीवर. पाय कसला, सुजून कोहळ्यासारखा झालेला. मागून माणसं रेटत होती आणि कंडक्टर ओरडत होता.

"ओ बाई, वर तरी या न्हाईतर खाली तरी उतरा. गाडी काय अशी लोंबकळत नगरला न्यायची का?"

"मला भ्या वाटतंय," झुंबरबाई डोळे न उघडता म्हणाली.

"कशाचं?"

"गाडीचं."

"गाडी काय चावती व्हय?"

अख्खी गाडी हसली. शेवटी मागच्या एका म्हातारीनं तिच्या कमरेला गुडघा लावला, तेव्हा ती धाडकन आत जाऊन पडली. कंडक्टरनं घंटी ओढली आणि झुंबरबाई आयुष्यात पहिल्यांदा एसटीत बसली.

काल जे मधेच उठून गेले त्यांच्यासाठी सांगायचं, तर ही झुंबरबाई म्हणजे आमच्या भागातली सगळ्यात भित्री बाई. पालीला भ्यायची, वळवाच्या गडगडाटाला भ्यायची, ग्रामसेवक घरी आला तर कणगीमागं जाऊन बसायची. बहात्तर सालचा दुष्काळ पडला आणि सगळं गाव सरकारी कामावर खडी फोडायला लागलं. तिथं खाणीत सुरुंग उडवायच्या आधी मुकादम शिट्टी मारायचा. लोक रमतगमत बाजूला व्हायचे. झुंबरबाई मात्र शिट्टी तोंडाला लागायच्या आत ओढा ओलांडून पलीकडच्या बांधावर. बाया म्हणायच्या, "मुकादम, तुमी शिट्टी कशाला मारता? झुंबरी पळाली की आमाला कळतंय." ती बिचारी हसायची आणि पुढल्या सुरुंगाला पुन्हा पळायची.

आता तिच्या घरची एक रीत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या रीतीवरच आहे. सासरा कारभारी जुन्या वळणाचा. त्याच्या घरात बापासमोर लेकानं बायकोशी बोलायचं नाही. मग तिचं नाव तोंडातून काढणं तर लांबच. कानिफनाथाला तहान लागली की तो भिंतीकडं बघून म्हणायचा, "तांब्या रिकामा झाल्याला दिसतोय." भूक लागली की आढ्याकडं बघायचा, "आज चूल उशिरा पेटली म्हनायची." झुंबरबाईनं ते पदराआडून ऐकायचं आणि उठायचं. बाप शेतात गेला की मग "अगं ए". नाव त्यानं घेतलं होतं एकदाच, लग्नात घास भरवताना, तेही दोस्तांनी दंडाला चिमटे काढले तेव्हा. हे काही तिच्यावर राग म्हणून नव्हतं. माणूस मायाळू होता. खडीच्या कामावर तिच्या वाटणीचे मोठे धोंडे तो गुपचूप आपल्या ढिगात ओढायचा. पण रीत ती रीत. त्या काळी आमच्याकडं घरोघर नवरे भिंतींशी बोलत होते आणि संसार सुरळीत चालले होते.

असाच एक मोठा धोंडा फोडताना घणाखालून कपची उडाली आणि कानिफनाथाच्या उजव्या पावलात शिरली. रक्त आलं, थांबलं. कारभारीनं जखमेत हळद आणि चुना भरला, वर धडपा बांधला आणि काम चालू. खडीच्या कामावर कुणाच्या हातापायाला धडपा नव्हता? पण ही जखम काही मिटेना. पाऊल सुजलं, जांघेत अवधानाची गाठ आली, मग हुडहुडी भरून ताप. अंगावर घोंगड्या टाकल्या तरी त्याचे दात वाजत होते. झुंबरबाई रडायला लागली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "तुला काय, तू कशाला बी रडतीस." पण पिंढरीवर लाल रेघ चढली तसा कारभारीच हबकला आणि म्हणाला, नगर.

नगरातल्या मोठ्या दवाखान्यात कानिफनाथाला खाट मिळाली. डॉक्टरांनी पाय बघितला, जखम सेप्टिक झाली म्हणाले, चिरा देऊन पू काढला आणि इंजेक्शनं लावली. झुंबरबाई त्या वॉर्डात शिरली आणि तिच्या भित्रेपणाला जत्रा भरल्यासारखं झालं. स्पिरिटचा वास, पत्र्याच्या ताटलीत खडखडणाऱ्या सुया, नळ सोडला की फुसफुसणारी तोटी. शेजारच्या खाटेवर भिंगारचा बन्सी होता. लष्करी छावणीच्या भटारखान्यात कामाला. सायकलवरून पडून त्याची मांडी मोडली होती आणि प्लास्टर घातलेला पाय दोरीनं वर टांगला होता. तो टांगलेला पाय बघून झुंबरबाई पहिल्या दिवशी उलट्या पावली बाहेरच निघाली होती.

"ओ वैनी, घाबरू नका," बन्सी ओरडला, "हा पाय माझाच हाय. वाळत घातलाय."

दवाखान्यात त्या वेळी उभं राहायला जागा नव्हती. गढूळ पाणी पिऊन जुलाब-ओकारीचे पेशंट गावोगावहून येत होते. वऱ्हांड्यात सतरंज्या टाकून त्यांना निजवलं होतं. डॉक्टर आणि सिस्टर त्यांच्यामागं पळत होते. कानिफनाथाचा ताप मात्र उतरेना. तो डोळे लाल करून पडून राहायचा, आणि झुंबरबाई त्याच्या पायथ्याशी, खाटेचा लोखंडी गज धरून. हात सोडला तर काहीतरी होईल असं तिला वाटायचं.

आणि एके दिवशी सकाळी ताप उतरला.

कारभारीनं नेहमीसारखा लेकाच्या कपाळाला उलटा तळवा लावला आणि त्याचा चेहराच फुलला. "उतरला! गार पडलं बघा अंग!" सिस्टरनं थर्मामीटर लावला, तिनंही ताप नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर राउंडला आले ते घाईत होते. त्यांनी तापाचा तक्ता बघितला, मान हलवली आणि ते वऱ्हांड्याकडं गेले. म्हातारा लगोलग बाजारात गेला, गूळ घेऊन आला आणि खाटेखाटेवर वाटत सुटला. त्यानं नवसच केला होता, ताप उतरला की पोराला थेट मढीच्या देवळात न्यायचं, कानिफनाथांच्या पायावर घालायचं आणि मग घरी. नाथाच्याच नावाचं पोर ते.

"घ्या, तोंड गोड करा. दुपारच्या गाडीनं निगालो आमी."

"बाबा," बन्सी गुळाचा खडा गालात धरून म्हणाला, "म्या हितं कवाधरनं लोंबकळतोय, माझ्या नावानं कुनी गूळ वाटंना."

"तुझा पाय खाली आला की वाटू."

सगळे हसले. कानिफनाथही हसला. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग, भरल्या वॉर्डात, बाप खाटेशी उभा असताना, कानिफनाथानं हात लांब केला आणि मोठ्यानं हाक मारली.

"झुंबर! ए झुंबर! ये की, हितं बस माज्यापाशी."

वॉर्ड नुसता फुटला. "आरं तिच्या!" बन्सीनं टाळी वाजवली, "ताप उतरला तसा गडी रंगात आला की!" कोपऱ्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कारभारी खाकरला, त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं आणि म्हणाला, "असू द्या. मरनाच्या दारातनं आलंय पोर. बोलू द्या आज."

झुंबरबाईच्या हातात गुळाचा खडा होता. तो तिथंच राहिला.

तिला आजवर ज्याची ज्याची भीती वाटली होती ते सगळं दिसणारं होतं, नाहीतर वाजणारं. ही भीती वेगळीच होती. समोर तिचाच नवरा, त्याचंच तोंड, आणि त्या तोंडातून भलताच माणूस बोलत होता. बापासमोर! ज्या माणसानं मरणाच्या तापातसुद्धा पाणी मागताना भिंतीकडं तोंड केलं होतं, तो आता चारचौघांत तिला नावानं बोलावत होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. बाप उभा आहे हे त्याला दिसतच नसावं.

ती जवळ गेली. त्यानं तिचा हात धरला. त्याचा तळवा ओला होता आणि थंडगार, रांजणाच्या बुडाला हात लागावा तसा. तिनं चादरीखाली हात घालून चांगला पाय चाचपला. तोही तसाच. छाती मात्र भात्यासारखी चालली होती, पडल्या पडल्या चढ चढत असल्यासारखी.

"झुंबर, मोळी उचल," तो म्हणाला, "टरक आला बघ. बैलं सोड."

ऊसतोडीला ते जात होते, ते मागल्या सालात. या सालात कुठला ऊस आणि कुठला ट्रक? बैलंही तिच्या माहेरी चाऱ्याला नेऊन सोडली होती.

"पडून पडून कटाळलंय," कारभारी कौतुकानं म्हणाला. "कामाची आठवन यायला लागली. चल सूनबाई, गठुडं बांद. गाडीची येळ व्हईल."

झुंबरबाईनं पदर पुढं ओढला. सासऱ्यासमोर तिनं आजवर "व्हय मामंजी" याच्यापलीकडं शब्द काढला नव्हता.

"मामंजी, आज गाडी नगं."

म्हाताऱ्याला आधी कळेना की बोललं कोण. "काय म्हनलीस?"

"त्यांनी माजं नाव घेतलं."

"ऐकलं म्या. बहिरा हाय का म्या? काय म्हनलो का तुला?"

"तुमी हुबं हुता, आन् त्यांनी नाव घेतलं."

"आगं मग म्या सोडून दिलं न्हवं? तू काय धरून बसलीस?" म्हातारा चिडला. "ताप हुता तवा बी भेत हुतीस, उतरला तवा बी भेतीस. देवानं तुजं समाधान करावं तरी कसं? ऊठ!"

आणि त्यानं लेकाला बसतं करायला काखेत हात घातला. कानिफनाथ बसला खरा, पण त्याची मान एका बाजूला कलली, पिकल्या कणसासारखी. "झोप लागतीया त्येला," कारभारी म्हणाला आणि धोतराचा सोगा खोचून त्याला उचलायला लागला.

झुंबरबाई पळाली. सुरुंगाच्या शिट्टीला पळायची तशीच, फक्त या वेळी बांधाकडं नाही. वऱ्हांड्यात माणसांच्या सतरंज्यांमधून, उलट्यांच्या पातेल्यांमधून, सलाईनच्या बाटल्यांखालून वाकून ती सुयांच्या ताटलीपाशी पोचली. ज्या ताटलीकडं ती बघतही नव्हती, तिच्याशेजारी पुष्पावती सिस्टर एका म्हातारीची शीर शोधत होती. झुंबरबाईनं तिचा दंडच धरला.

"शिस्टरबाई, चला. मामंजी त्यांना गाडीवर न्यायला लागल्यात."

"नेऊ देत की बाई," सिस्टर वर न बघता म्हणाली. "ताप उतरलाय, मीच बघितलाय सकाळी. डॉक्टरांना विचारून जा म्हणावं. हात सोडा, सुई आहे हातात."

"शिस्टरबाई, त्यांनी मामंजींच्या म्होरं मला नावानं हाक मारली."

सिस्टरचा हात थांबला.

ही पुष्पावती सिस्टर वांबोरीकडची. नर्सचं शिक्षण झालं तरी वाढली खेड्यातच. तिचा बाप तिच्या आईशी उभा जन्म उंबऱ्याकडं बघून बोलला होता. सुई ताटलीत ठेवून, म्हातारीला "आलेच आजी" म्हणून ती झुंबरबाईच्या पुढं निघाली. आधी चालत, मग पळत.

वॉर्डात कारभारीनं लेकाला खाटेच्या कडेला आणलं होतं. सिस्टरनं कानिफनाथाचं मनगट धरलं. मग सोडलं आणि गळ्यापाशी बोटं टेकली. तिनं त्याच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख पांढरंच राहिलं, लाली परत यायला कंटाळा करत होती. खाटेखालची लघवीची बाटली तिनं उचलून उजेडात धरली. कोरडी.

"सकाळपासून लघवीला झाली का यांना?"

"न्हाई बया," झुंबरबाई म्हणाली. "कालच्या सांजंपासनं न्हाई."

"बाबा, आडवं करा त्यांना. आत्ता! डॉक्टर! कुणीतरी डॉक्टरांना बोलवा, म्हणावं पेशंट भ्रमात बोलतोय, हातपाय गार आहेत!"

डॉक्टर आले ते बाह्या वर केलेलेच. त्यांनी दंडाला प्रेशरचा पट्टा बांधला, फुगवला, ऐकलं. पुन्हा फुगवला, पुन्हा ऐकलं. मग पायाची पट्टी सोडली. जखमेतून वास आला आणि बन्सीची थट्टा त्याच्या तोंडातच राहिली. पाऊल वरून काळंनिळं पडलं होतं, आणि गुडघ्याच्या वर, कुणी बघितलं नव्हतं तिथवर, लाली सरकली होती.

"डाक्टरसायेब, आमची दुपारची गाडी हाय," कारभारी म्हणाला. त्याच्या हातात अजून गुळाचा कागद होता.

"बाबा, ह्याला गाडीत घातलंत तर करंजीचा घाट चढायच्या आत ह्याचा श्वास थांबेल."

"पन ताप तर..."

"ताप बरा होऊन उतरलेला नाही. जखमेतले जंतू रक्तात भिनलेत. अंगात आता ताप काढायचीसुद्धा ताकद उरलेली नाही, म्हणून ते गार पडलंय." डॉक्टर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "सकाळी मीसुद्धा तापाचा तक्ता बघून पुढं गेलो. थांबायला हवं होतं. सिस्टर, दोन्ही हातांना सलाईन लावा, जोरात सोडा. ऑक्सिजन आणा. आणि खाटेची पायाकडची बाजू वर घ्यायचीय, विटा आणा कुणीतरी."

विटा म्हटल्यावर कारभारी जागचा हलला. दवाखान्याच्या आवारात एका खोलीचं बांधकाम पाण्यावाचून बंद पडलं होतं, तिथं विटांची चळत होती. म्हातारा धावत गेला आणि धोतराच्या ओच्यात विटा घेऊन धापा टाकत आला. डॉक्टरांनी आणि वॉर्डबॉयनं खाट उचलली, म्हाताऱ्यानं स्वतः खाली बसून पायथ्याकडच्या खुरांखाली विटा लावल्या. कानिफनाथाचं डोकं खाली आणि पाय वर झाले. झुंबरबाईला वाटलं, हा आता घसरून जाणार. तिनं त्याचे खांदे धरून ठेवले.

"रक्त डोक्याकडं यावं म्हणून केलंय," सिस्टर सुई टोचता टोचता म्हणाली. "घाबरू नका."

"मी घाबरनारच," झुंबरबाई म्हणाली. "तुमी तुमचं काम करा."

काचेच्या बाटल्यांमधून पाणी त्याच्या अंगात उतरत होतं. एक संपली की दुसरी. इंजेक्शनं बदलली. आधीची पुरी पडत नव्हती, म्हणून वेगळी, जास्त जोराची. पण डॉक्टर म्हणाले, "हे सगळं खरं, पण विष जिथनं येतंय ते उघडल्याशिवाय भागायचं नाही. पाय पुन्हा उघडतो."

"पाय कापनार?" कारभारीचा आवाज चिरकला.

"वाचवायला बघतो. पण पाय का माणूस अशी वेळ आली, तर मला विचारत बसायला वेळ नसेल. आत्ताच सांगा."

म्हाताऱ्यानं लेकाकडं बघितलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं मान वळवून सुनेकडं बघितलं, सांगायला नाही, विचारायला. झुंबरबाईचा पदर डोक्यावरून कधीच पडला होता. तिनं मान हलवली.

"मानूस," कारभारी म्हणाला.

ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं आणि दोघं बाहेर भिंतीला टेकून बसली. झुंबरबाईच्या मुठीत काहीतरी चिकट लागलं. मूठ उघडली तर गूळ. तिला तो टाकवेना आणि खाववेनाही. आतून भांडी वाजली की ती दचकायची. भांडी वाजायची थांबली की जास्त दचकायची. दारामागून कुणाचं पाऊल आलं की तिला वाटायचं, आता सांगायला येतायत. पाऊल परत फिरायचं. कारभारी नाथाचं नाव घेत होता, पण मधेच त्याला पुढचं आठवेना. तोच तोच शब्द तो पुन्हा म्हणत राहिला.

दार उघडलं. डॉक्टरांनी चिमट्यात धरलेली कपची दाखवली. काळ्या दगडाची, बोटाच्या पेराएवढी. हाडांच्या मधे रुतून बसली होती, भोवती पुवाचं तळं. वरून दिलेला चिरा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय राहिला.

"वाचला का पन?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ते आज नाही सांगता यायचं."

कानिफनाथाला पुन्हा त्या उतरत्या खाटेवर आणलं. लघवीसाठी नळी घातली, तिचं टोक खाली बाटलीत. सिस्टर म्हणाली, "बाई, ह्या बाटलीवर डोळा ठेवा. हिच्यात थेंब पडला तर मला हाक मारा. तो पडला म्हणजे आतली यंत्रं चालू झाली." मग काय, झुंबरबाई फरशीवर बसली आणि त्या रिकाम्या बाटलीकडं बघत राहिली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघायचा तिला धीर नव्हता. तो घरघरत होता. मधेच "झुंबर" म्हणायचा, आणि दर वेळी तिच्या पाठीतून कळ जायची. वॉर्डात आता कुणी हसत नव्हतं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढून गेलं. दिवे लागले. कारभारी तिच्यापासून हातभर लांब येऊन बसला, समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "सकाळधरनं हितं कुनी घास खाल्ल्याला दिसत न्हाई," आणि भाकरीचं गठुडं दोघांच्या मधे सरकवून ठेवलं.

तेवढ्यात बाटलीत काहीतरी टपकलं. झुंबरबाईनं डोळे चोळले. पुन्हा टपकलं.

"शिस्टरबाई!" अशी किंकाळी तिनं फोडली की वऱ्हांड्यातले पेशंट उठून बसले. सिस्टर ताटली टाकून पळत आली. थेंबाची धार झाली होती, गडद, थोडी, पण धार.

"आवो वैनी," बन्सी उशीवर मान टाकत म्हणाला, "लोक पोरगं झालं तरी येवढं वरडत न्हाईत." आणि त्यानं हळूच डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर कानिफनाथानं डोळे उघडले. श्वास खाली बसला होता. कपाळ कोमट होतं. झुंबरबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती, आता कुठली हाक येते या भीतीनं. म्हणजे गेलेला माणूस परत आला, का अजून तोच भलता आत बसलाय? त्यानं तिच्याकडं बघितलं. मग पायथ्याशी उभ्या बापाकडं बघितलं. मग हळूच मान वळवली, पलीकडच्या चुन्याच्या भिंतीकडं, आणि कोरड्या घशानं म्हणाला,

"तांब्या कुठं गेला म्हनायचा?"

झुंबरबाई अशी रडायला लागली की तांब्या जवळ असून तिला सापडेना. कारभारीनंच तो तिच्या हातात दिला.

रडणं ऐकून डॉक्टर धावत आले. त्यांना वाटलं, गेला. नाडी बघितली, प्रेशर बघितलं, तोंडावर जरा हसू आलं. मग डोकं ठिकाणावर आलंय का बघायला त्यांनी विचारलं, "तुमचं नाव काय?"

"कानिफनाथ कारभारी."

"हे कोण उभे आहेत?"

"वडील."

"आणि ह्या बाई? यांचं नाव काय?"

कानिफनाथ गप्प. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. त्यानं एकदा बापाकडं बघितलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला आणि भिंतीकडं डोळे लावून बसला. डॉक्टर पुण्यात शिकलेले, शहरात वाढलेले. त्यांच्या कपाळाला पुन्हा आठी पडली. सिस्टर मागं तोंडावर हात धरून उभी होती, तिनं काही सांगायच्या आत ते झुंबरबाईकडं वळले. "बाई, काल तर हे तुमचं नाव घेत होते. आज ओळखत नाहीत का? हे पूर्ण शुद्धीवर आहेत ना?"

झुंबरबाईनं पदर डोक्यावर घेतला, नाक पुसलं आणि म्हणाली,

"हायेत सायेब. शुदीवर हायेत म्हनून तर बोलंनात."